टॅन्सीचा घास

१४ जानेवारी

"एकदा का रक्ताची चव लागली की फेरेट हात ओळखत नाही."

मी शाळेतही जात नव्हते तेव्हा बाबा हे म्हणाला होता. मागच्या अंगणात, फेरेटांच्या खुराड्याची कडी लावता लावता. मी बहुधा माझ्या ताटातला सॉसेजचा तुकडा जाळीतून आत सारत असणार. बाकी काही आठवत नाही, वाक्य तेवढं जसंच्या तसं राहिलं. आज प्राण्यांच्या दवाखान्यात ते पुन्हा कानात वाजलं, कारण डॉक्टर रुबिना नेमकं उलटं सांगत होती.

काल दुपारी आमची म्हातारी फेरेट टॅन्सी चालता चालता स्वयंपाकघराच्या मधोमध थबकली. नजर कुठेच नाही. तोंडातून लाळ गळायला लागली, पुढच्या पंजांनी ती स्वतःचंच तोंड ओरबाडायला लागली, आणि मग तिचं मुंगसासारखं लांबलचक अंग मागून कोसळलं. बाबाने तिला उचलून आपल्या लोकरी जॅकेटात घातलं. "थंडी वाजली असेल तिला," म्हणाला. कापत होता मात्र त्याचाच आवाज.

रुबिनाने रक्त तपासलं. "स्वादुपिंडात गाठ आहे. म्हाताऱ्या फेरेटांना होते ही. गाठीमुळे रक्तातली साखर एकाएकी खाली येते आणि झटका येतो. या वयात कापाकापी नको. गोळी देते, पण खरं औषध म्हणजे खाणं. ती कोरडी बिस्किटं हळूहळू बंद करा. कच्चं मांस द्या, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. गोड नाही, पीठ नाही."

"आणि पुन्हा झटका आला तर?" मी विचारलं.

"बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळायचा. शुद्धीवर आली की लगेच मांस. मध फक्त जीव वाचवायला, एरवी थेंबभरही नाही. आणि उपाशी ठेवून मांसाची सवय लावू नका, त्यातच मरेल."

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाला, "पोर आहे ती. तिने फेरेट पाळलाय का कधी?"

"शिकून आलीय, बाबा."

"पुस्तकातले फेरेट चावत नाहीत."

टॅन्सी त्याच्या बाहीत झोपली होती. आई गेल्यापासून ती तिथेच झोपते. पूर्वी बाबाकडे फेरेटांची रांग असायची, माळावरच्या बिळांत सोडून ससे बाहेर हुसकायला. आता ही एकटी उरलीय. हिला काही झालं तर बाबाच्या बाहीत कोण झोपणार, हा विचार मी वाटेत तीनदा केला आणि तीनदा झटकला.

१५ जानेवारी

कोंबडीच्या मांडीचं मांस, थोडं काळीज, थोडं हृदय. बारीक वाटलं, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलं. टॅन्सीने वास घेतला, उलटी उलटी मागे सरकली आणि नाकाने फरशी ढकलायला लागली, वाटी पुरायची असल्यासारखी.

"बघ," बाबा म्हणाला. "तिला कळतं."

"तिला अन्न म्हणून कळत नाहीये. रुबिना म्हणाली, लहानपणी जे नाकाला लागलं तेवढंच यांना अन्न वाटतं."

"आणि कळायला लागलं की माझं बोट अन्न वाटेल."

तो शनिवारच्या नाश्त्याचं काळं पुडिंग तळत होता. मी म्हटलं, "तू जन्मभर डुकराच्या रक्ताचं पुडिंग खाल्लंस. चावलास कुणाला?"

"तुझ्या आईला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला. मी हसले. त्याने पुडिंग माझ्या ताटात सरकवलं. "घे तूच. मला आज दात नको म्हणतोय."

१८ जानेवारी

मांस संपलं! सकाळी वाटी चाटून पुसून लख्ख. मी दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मे बसवत मनात गात होते. संध्याकाळी बाबाने लोकरी सपातेत पाय घातला आणि "अरे देवा" म्हणाला. सगळं मांस सपातेच्या टोकात दडपलेलं. तिने एक कणही खाल्ला नव्हता, फक्त लपवलं होतं.

सपात धुतली. भिजवलेल्या बिस्किटांत बोटभर मांस कालवलं, वरून माशाचं तेल. तेल चाटलं, बिस्किटं चाटली, मांस बाजूला काढलं. अगदी नेटकेपणाने, लहान मूल भाजीतून वाटाणे काढतं तसं.

२२ जानेवारी

आज एक बरी गोष्ट. घरी आले तर सिंकमध्ये दुधाचं पातेलं भिजत घातलेलं, कडेला साय. पाव अर्ध्यावर आलेला. आईची निळ्या काठाची बशी धुऊन पालथी घातलेली.

"पॉब्स केलेस?" मी विचारलं.

"हं."

पॉब्स! किती वर्षांनी तो शब्द या घरात आला. कोमट दुधात पावाचे तुकडे, वर साखर. ताप आला की आई तेच करायची. अंथरुणात उशीला टेकून बसायचं आणि आई म्हणायची, तोंड उघड. ऑक्टोबरात बाबा पडला, खुबा मोडला, मी इथे राहायला आले, तेव्हापासून त्याने स्वतःहून काही रांधलेलं मी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले. त्याला दिसू नये म्हणून फ्रिजमध्ये तोंड घातलं.

"बरं वाटलं का?"

"पोटात गेलं की बरंच वाटतं," तो म्हणाला.

टॅन्सी मात्र दुपारभर मलूल होती. मांसाला तोंड नाही. मी ओठाला थोडं लावलं, तर ते तिने गालिच्याला पुसलं.

२४ जानेवारी

झटका. मी घरात पाऊल टाकलं तेव्हा ती आडवी होती आणि पाय पळत होते, जमीन नसलेल्या ठिकाणी पळावं तसे. बाबा भिंतीला टेकून उभा. मी मध आणला, हिरड्यांना चोळला, चोळतच राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे मिटले आणि उघडले, आणि त्या डोळ्यांत ती होती.

बाबा पुटपुटला, "मधाने उठली. पाहिलंस? चमचाभर गोड, आणि उठली."

रुबिनाला फोन केला. तिने विचारलं, "वेगळं काही पोटात गेलंय?"

"काही नाही. भिजवलेली बिस्किटं, त्यात चिमूटभर मांस."

"तुम्ही नसताना?"

"बाबा असतो ना घरी."

"मग मांस वाढवायलाच हवं."

पण वाढवू कसं? खरं सांगायचं तर आज मला वाटलं की हे सगळं मीच घडवतेय. मांस सुरू केलं आणि ती बिघडली. बाबा बोलत नाही, पण त्याच्या गप्प बसण्यात तेच असतं.

२८ जानेवारी

नेव्हिल आला होता, बाबाचा माळावरचा जुना सोबती. दारातूनच ओरडला, "जनीन, तुझ्या म्हाताऱ्याला सांग, महाराणीला भेटायला आलोय." हातात ससा, कागदात गुंडाळलेला. टॅन्सीसाठी.

"आपण कधी दिलं का रे यांना मांस?" बाबाने त्याला विचारलं.

"छे. पॉब्स. सगळे पॉब्सच द्यायचे. माझा बाप म्हणायचा, मांस दिलंस तर बिळात सशापाशीच जेवून झोपेल, आणि तू वर थंडीत उभा राहशील संध्याकाळपर्यंत." तो खदखदून हसला. "फार जगायचे नाहीत म्हणा ते. क्लिफ, ही पँट कुणाची घातलीस? आत अजून एक माणूस मावेल."

"सैल बरी. खुबा दुखतो."

"मी म्हटलं, आमची जनीन जेवू घालत नाही की काय."

"मी घालते!" मी म्हणाले. "आणि आता तर सकाळचं स्वतः करून खातो. रोज दुधाचं पातेलं असतं सिंकमध्ये."

नेव्हिलने बाबाकडे पाहिलं. बाबा टॅन्सीचे कान साफ करत होता, मान खाली घालून.

सशाचं मांस दिलं. तिने दोनदा चाटलं! नंतर लपवलं, पण दोनदा चाटलं.

२ फेब्रुवारी

पुन्हा झटका, दुपारीच. यावेळी किंचाळली. तो आवाज मी लिहू शकत नाही.

दवाखान्यात मी एकटीच घेऊन गेले. रुबिनाने दार लोटून घेतलं. "जनीन, गोळी चालू आहे, मांस थोडं का होईना जातंय, तरी साखर अशी घसरते, हे मला नीटसं जुळत नाही. गाठ माझ्या अंदाजापेक्षा पुढे गेलेली असेल. पुढचा मोठा झटका आला तर तिला शांतपणे झोपवण्याचा विचार करावा लागेल. वडिलांना सांगून ठेवा."

मी सांगितलं नाही. घरी येऊन म्हटलं, बरी आहे. त्याने टॅन्सीला बाहीत घेतलं आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. या घरात एकाची तब्येत तेवढी सावरतेय: दूध रोज संपतं, मी परवा जास्तीचा पाव आणला तोही सरत आला. निदान तो खातोय. तेवढ्यावर मी उभी आहे.

संध्याकाळी चॉप केले. "अर्धा तू घे," म्हणाला. "सकाळचं पोटात आहे अजून."

५ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

बर्फामुळे दुकान लवकर बंद झालं. पुढच्या रस्त्यावर घसरण होती म्हणून मागच्या गल्लीने आले. स्वयंपाकघराची काच वाफेने धुरकट झाली होती, तरी दिसलं. बाबा फरशीवर गुडघे टेकून बसलेला. ज्या खुब्यामुळे त्याला स्वतःचे मोजे घालता येत नाहीत, त्या खुब्यासकट. पुढ्यात आईची निळ्या काठाची बशी. टॅन्सी त्यात तोंड खुपसून चाटत होती, घाईघाईने. गेले तीन आठवडे मी तिला कशासाठीही अशी घाई करताना पाहिलं नव्हतं.

"खा, माझे बाई," तो म्हणत होता. "खा पटकन. मग आहेच तुझं मांस."

मी दार उघडलं. "बाबा."

"लवकर आलीस."

"हे कधीपासून?"

"पहिला झटका आला त्यानंतर. जरासंच देतो." त्याने बशी मागे ओढली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुझ्या डोळ्यांदेखत ती मधाने उठते. मरायला टेकलेली गोडाने उठते. मग गोड तिला वाईट कसं, ते मला सांग."

"विझत आलेल्या चुलीवर रॉकेल टाकतात, बाबा. रॉकेल कुणी जेवत नाही. गोड पोटात गेलं की ती गाठ चेकाळते आणि असलेली साखरही खाऊन टाकते. सकाळी तू हे देतोस आणि दुपारी ती पडते!"

"तुझी आई आजाऱ्याला पॉब्सच द्यायची. तुला गोवर आला तेव्हा कशावर उठलीस?"

"मी फेरेट आहे का?"

"चावतेस तर तशीच."

कुणीच हसलं नाही. मग मी ते बोलले. "तू मारतोयस तिला. रुबिना म्हणालीय, पुढच्या झटक्यानंतर तिला झोपवावं लागेल. तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतेय. तू आपल्या हाताने मारतोयस."

बाबाने बशी उचलली. बशी सिंकमध्ये ठेवायला उठू लागला आणि त्याला उठता येईना. मी हात पुढे केला. त्याने खुर्चीचा पाय धरला, मग खुर्ची, मग टेबल, आणि माझ्या हाताला न शिवता उठला.

तासाभरात झटका आला. आम्हाला दोघांनाही तो येणार हे माहीत होतं. दोघेही तिच्याभोवती बसून होतो. किंकाळी, लाळ, पळणारे पाय. मध चोळला. काही नाही. पुन्हा चोळला. "टॅन्सी, टॅन्सी, टॅन्सी," बाबा म्हणत होता, दाराबाहेर उभ्या असलेल्या कुणाला हाक मारावी तसा. शेवटी तिचे पाय थांबले. छाती हलत होती. डोळे अर्धवट उघडले.

"आता मांस," मी म्हणाले. माझ्या बोटावरून तिने तोंड वळवलं. पुन्हा पुढे केलं, पुन्हा वळवलं. मान टाकायला लागली.

"दे इकडे," बाबा म्हणाला.

"ती भानावर नाही. चावेल."

"चावू दे."

त्याने सशाचं वाटलेलं मांस तर्जनीवर घेतलं आणि थेट तिच्या ओठात सारलं. ती चावली. दात पार आत गेलेले मी पाहिले. बाबाची कातडी आता कागदासारखी झालीय. रक्त लगेच मनगटापर्यंत ओघळलं. मी ओरडले. तो हलला नाही. फेरेट चावला की हात ओढायचा नसतो, ओढला की दात आणखी रुततात, हे त्यानेच मला शिकवलंय. पण न ओढणं किती कठीण असतं ते मी आज पाहिलं. ओठ पांढरे पडले होते त्याचे. दुसऱ्या हाताने तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मग जबडा सुटला. आणि तिने चाटलं. बोटावर होतं ते सगळं, मांस आणि रक्त, चाटलं, थांबली, आणखी शोधायला लागली.

बाबाने वाटी माझ्याकडे सरकवली. "कोमट कर जरा," म्हणाला. "गार झालंय हे."

६ फेब्रुवारी

बाबाच्या बोटाला टाके. नर्सने विचारलं, "कुत्रा?" तो म्हणाला, "मुलगी." नर्स माझ्याकडे बघायला लागली.

रुबिनाला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "म्हणजे गाठीवर मी उगाच आळ घेतला. थोडे दिवस थांबू. झोपवायचं नंतर बघू."

१० फेब्रुवारी

झटका नाही. खाते, पण फक्त बाबाच्या बोटावरून. डाव्या हाताच्या, उजवा गुंडाळलेला आहे. माझं बोट पुढे केलं की मान फिरवते आणि बाबा खोटं खोटं खोकतो, हसू लपवायला. सशापेक्षा कोंबडीचं हृदय जास्त आवडतं. आज पंखाच्या टोकाचं कोवळं हाड कडाकड चावलं. बाबा म्हणाला, "ऐक, ऐक." रेडिओ लहान करायला लावला.

साखर गटारात ओतून दिली त्याने. न सांगता. मी डबा रिकामा पाहिला.

१३ फेब्रुवारी

पुढल्या आठवड्यापासून मी दुकानात पूर्ण दिवस जाणार. रुबिना म्हणाली, हरकत नाही, पण तिचं खाणं चुकायला नको. दिवसाचं सगळं बाबाने द्यायचं. तो म्हणाला, "मी कुठे नाचायला जाणार आहे?" वाट्या पुसून ओळीने मांडून ठेवल्यात.

आज चहा करायला फ्रिज उघडला. दूध तसंच. पाव तसाच, टोकाला हिरवी बुरशी. पहिल्यांदा बरं वाटलं: पॉब्स खरोखरच थांबले. किटली भरली, शेगडीवर ठेवली. मग तिथेच उभी राहिले. किटली शिट्टी वाजवत होती आणि मला ती उचलायचं सुचेना.

पॉब्स टॅन्सी खात होती. इतके दिवस मी जे जे बाबाच्या पोटात गेलं म्हणून सुखावले, ते त्याच्या पोटात गेलंच नव्हतं. दूध संपलं म्हणून खूश, पाव संपला म्हणून खूश. पुडिंग माझ्या ताटात. चॉप माझ्या ताटात. नेव्हिलला दारातून दिसलं, आणि मी रोज समोर बसून जेवत होते.

मी आत गेले. तो खिडकीशी बसला होता, बाहीतून टॅन्सीचं नाक बाहेर.

"बाबा, सकाळी तू काय खातोस?"

"चहा."

"आणि?"

"चहात दूध असतं की."

"बाबा."

त्याने बाहेर पाहिलं. अंगणातला बर्फ काळा पडलाय. "त्या टेबलाशी बसलं की घास तोंडात फिरतो नुसता," तो म्हणाला. "समोरची खुर्ची दिसते. तू असलीस की चावतो कसाबसा. एकटा असलो की सोडून देतो. सवय होते गं त्याची. काही होत नाही."

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"पुन्हा टाके घालायला? नको."

विषय संपला. बाबा विषय संपवतो तेव्हा तो संपतो. आईलाही कधी उघडता आला नाही. मी टेबल भिंतीला लावलं तर तो परत जागेवर ओढेल. शेजारणीला डबा आणायला सांगितला तर डबा धुऊन, पुसून, भरलेला परत जाईल. जोर केला तर माझ्या समोर खाईल आणि मी दुकानात गेले की नाही. हे सगळं मला माहीत आहे. त्याने टॅन्सीला कधी उपाशी ठेवलं नाही, ठेवणार नाही. स्वतःपुरता मात्र त्याला कुणी पहारेकरी नको.

उद्या सकाळी निघताना, कोट घालताना, त्याच्याकडे न बघता विचारणार आहे. तो नाही म्हणेल. म्हणेल, "मी काय फेरेट आहे?" किंवा काहीच म्हणणार नाही आणि वाट्या नीट करेल. तरी विचारणार आहे: बाबा, टेबलाशी नको बसूस. फरशीवर बस, शेगडीपाशी, कुठेही. पण तिला भरवशील तेव्हा प्रत्येक वेळी तूही चार घास खा, मी घरी नसले तरी.